भिंगरी आता हळू फिरते

काल रात्री तीनला परत तेच. टक टक टक टक. आमची म्हातारी कुत्री भिंगरी, फरशीवर नखं वाजवत हॉलमधून किचन, किचनमधून आमची खोली, दारात उभी राहून माझ्याकडे बघणार, मी हलले नाही की परत हॉल. पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज, "उठली का गं ती? मीपण जागीच आहे." म्हणजे घरातल्या दोन्ही म्हाताऱ्या जाग्या आणि मधे मी झोपेचं सोंग घेऊन पडलेली. नवरा घोरतोय. धोंड्या, आमचा दुसरा कुत्रा, उताणा पडून स्वप्नात पळतोय. शेवटी उठले, तिला बाहेर नेलं, तिने काहीच केलं नाही, पाच मिनिटं नुसतं वारं हुंगत उभी राहिली आणि आत येऊन गादीवर चार गिरक्या घेऊन धप्पकन पडली. सकाळी सातला मी डोळे चोळतेय आणि बाईसाहेब गाढ झोपेत. आई याला म्हातारचळ म्हणते. डॉक्टरांकडे त्याला मोठं नाव आहे, कुत्र्यांनाही माणसांसारखा विसर पडायला लागतो म्हणे, दिवस-रात्रीचं गणित उलटं होतं, काही जण तर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. आमची अजून तिथवर गेलेली नाही. दाराच्या चुकीच्या बाजूला मात्र उभी राहते, बिजागरीकडच्या, आणि ते तिथून उघडेल म्हणून वाट बघते.

भिंगरी तेरा वर्षांची आहे. नाव पडलं ते पिल्लू असताना, आनंद झाला की स्वतःभोवती इतक्या जोरात फिरायची की शेवटी कलंडायची. मागून बघितली तर लॅब्राडॉर, पुढून काय वाटते त्यावर घरात एकमत नाही. कान एक उभा, एक पडका. तोंड आता जवळजवळ पूर्ण पांढरं झालंय आणि भुवयांच्या जागी दोन पांढरे ठिपके आलेत, त्यामुळे ती कायम काहीतरी विचार करतेय असं वाटतं. करत नसते. तिला चीज हवं असतं.

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात हा हिशोब आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो, पण तो तसा नाहीये. २०२० मध्ये लॅब्राडॉरांच्या डीएनएवर वयानुसार होणाऱ्या बदलांवरून एक सूत्र काढलं होतं, वयाचा नॅचरल लॉग घ्यायचा, सोळाने गुणायचं, एकतीस मिळवायचे. म्हणजे एका वर्षाचं पिल्लू आपल्या एकतिशीत, आणि मग पुढे पुढे वेग कमी होत जातो. भिंगरीचं आलं बहात्तर. ही अर्धीच लॅब्राडॉर, त्यामुळे आकडाही अर्धाच धरायचा असं नवऱ्याचं म्हणणं. पण आई चौऱ्याहत्तरची आहे, तिला हे सांगितलं तर म्हणाली "मग माझ्यापेक्षा लहान आहे की, तिने उठून पाणी द्यायला पाहिजे मला."

तर मुद्दा असा की ही बाई एकेकाळी अॅजिलिटीत पळायची. म्हणजे नावालाच नाही, खरंच पळायची. दीड वर्षाची होईपर्यंत उड्या मारू दिल्या नाहीत, कारण हाडं भरायच्या आत उड्या मारल्या की पुढे त्रास होतो, पण त्यानंतर जवळजवळ आठ वर्षं आमचे रविवार सकाळचे ग्राउंडवरच गेले. ज्यांनी बघितलं नाहीये त्यांच्यासाठी, अॅजिलिटी म्हणजे अडथळ्यांची शर्यत, कुत्रा एकटा पळतो, बाजूने आपण पळतो, पट्टा नाही, हातात खाऊ नाही, नुसता आवाज आणि अंग. उड्या, बोगदा, सी-सॉ, उंच फळी, तो त्रिकोणी चढ-उतार ज्याला ए-फ्रेम म्हणतात. चढ-उतारांच्या टोकाला वेगळा रंग असतो, त्या रंगावर पाय पडलाच पाहिजे, वरून उडी मारून खाली आलं की गुण गेले. आणि सगळ्यात अवघड म्हणजे वीव्ह पोल, बारा काठ्या एका रांगेत, त्यातून नागमोडी जायचं आणि पहिली काठी कायम कुत्र्याच्या डाव्या खांद्याला आली पाहिजे. हा खेळ सुरू झाला तोच मुळात टाइमपास म्हणून, १९७८ ला इंग्लंडच्या क्रफ्ट्स या मोठ्या डॉग शोमध्ये मुख्य कार्यक्रमांच्या मधल्या वेळात लोकांनी उठून जाऊ नये म्हणून घोड्यांच्या शो-जम्पिंगवरून उचललेला. मधल्या वेळेतलं ते खूळ आता जगभर पसरलंय आणि आमच्यासारख्यांचे गुडघे खातंय.

भिंगरी फार हुशार नव्हती पण वेडी होती. स्टार्ट लाइनला बसवलं की अंगभर थरथरायची. मी हात खाली केला की सुटली. तिचा वेग जास्त आणि माझा कमी, त्यामुळे आमचं अर्धं रन मी मागून ओरडण्यात जायचं.

आता जे लिहिणार आहे ते मी फारसं कुणाला सांगत नाही.

ती नऊ वर्षांची असताना वीव्हमधून बाहेर पडायला लागली. बारापैकी दहाव्या काठीला. दर वेळी दहाव्या. मला वाटलं माजलीये. मग मी काय केलं तर प्रॅक्टिस वाढवली, आठवड्यातून एकदाच्या ऐवजी तीनदा, घरीसुद्धा काठ्या लावल्या, प्रत्येक वेळी दहाव्याला सुटली की परत पहिल्यापासून. नंतर ए-फ्रेमला वळसा घालून जायला लागली. सरळ यायची आणि शेवटच्या क्षणी बाजूने निघून जायची, तेही माझ्याकडे न बघता. एका स्पर्धेत तिने हे केलं तेव्हा मी सगळ्यांसमोर तिच्यावर इतक्या जोरात ओरडले की बाजूच्या रिंगमधल्या माणसाने वळून बघितलं. भिंगरी थांबली, कान मागे, शेपूट खाली, आणि माझ्याकडे चालत आली. चालत. कोर्सवर ती कधीच चालली नव्हती.

घरी आल्यावर नवऱ्याने काढलेला व्हिडिओ बघत बसलो होतो, मी अजून घुश्शातच, आणि तो म्हणाला, "थांब जरा, हे हळू करून बघ." हळू करून बघितला. वीव्हमधे तिचे मागचे दोन्ही पाय एकदम पडत होते, सशासारखे. पूर्वी ती एकेक पाय आलटून-पालटून टाकायची. जुने व्हिडिओ काढले, शेजारी ठेवून बघितले. फरक इतका ढळढळीत होता की तो मला दोन महिने दिसला कसा नाही हे मला आजही कळत नाही, म्हणजे कळतं, मी तिच्याकडे बघतच नव्हते, मी काठ्या मोजत होते. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, कमरेच्या दोन्ही सांध्यांना संधिवात, पाठीच्या शेवटच्या मणक्यांतपण सुरुवात. डॉक्टर ओरडले वगैरे नाहीत, एवढंच म्हणाले की कुत्री दुखणं सांगत नाहीत, काम करायचं थांबवतात.

दहा काठ्यांपर्यंत ती सहन करत होती. बाराव्या काठीला बक्षीस होतं हे तिला माहीत होतं तरी दहाव्याला सोडत होती.

असो. रिटायर केली. तुम्हाला वाटेल कुत्र्याला काय कळतंय, घरी मजेत पडून राहील. नाही हो. रविवारी सकाळी मी बूट घातले की ही दारात. बूट लपवून बाहेर जाऊन घातले तर बॅगेची चेन ऐकून दारात. तीन-चार रविवार मी घरी बसले आणि दोघी खिडकीतून बाहेर बघत बसलो, आई म्हणाली, "कोण रिटायर झालंय नक्की?" ते बरोबरच होतं. मला खुर्चीवर बसून दुसऱ्यांची कुत्री बघायची नव्हती, म्हणून मी तिला एक सीझन जास्त पळवली. दुखणं दिसलं नाही हे खरं, पण दिसायला नकोही होतं.

मग सुरू झालं म्हातारपणाचं खातं. घरभर घसरू नये म्हणून पट्ट्या अंथरल्या, आमचं घर आता विमानतळाच्या रनवेसारखं दिसतं. पंजातले केस कापायचे, कारण ते वाढले की फरशीवर पाय सरकतात. नखं दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी, कारण म्हातारी कुत्री कमी चालतात म्हणून नखं झिजत नाहीत, नखं वाढली की पंजा मागे टेकतो, पंजा मागे टेकला की सगळ्या अंगाचा तोल बिघडतो. आणि एकदम कापायला जाल तर आतली जिवंत नस लागते, मग पुढच्या वेळी नेलकटर बघून ती सोफ्याखाली. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टर देतात त्याच, आणि हे मी ओरडून सांगते, आपल्या डब्यातली पॅरासिटॅमॉल नाहीतर आयबुप्रोफेन कुत्र्याला द्यायची नाही, थोडीपण नाही, आपल्याला साधी वाटणारी गोळी त्यांच्या जिवावर बेतू शकते.

एकच गोष्ट मी पहिल्यापासून बरोबर केली ती म्हणजे वजन. बारीक ठेवली. येणारा-जाणारा म्हणायचा, उपाशी ठेवता का हिला. पण ४८ लॅब्राडॉर पिल्लांवर वर्षानुवर्षं चाललेला एक अभ्यास आहे, एकाच वेताच्या पिल्लांच्या जोड्या लावल्या, एकाला पोटभर आणि दुसऱ्याला त्यापेक्षा पाव हिस्सा कमी, तर कमी खाणारी साधारण तेरा वर्षं जगली आणि पोटभर खाणारी अकरा वर्षं दोन-अडीच महिने, आणि सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागली. हे मी भिंगरीला वाचून दाखवलं. ती वाटी चाटत होती, रिकामी, सात मिनिटं.

डोळे निळसर झाले तेव्हा घाबरले होते, मोतीबिंदूच वाटला, पण डॉक्टर म्हणाले भिंग घट्ट होतं वयाने म्हणून तशी झाक येते, नजर बऱ्यापैकी शाबूत असते. मोतीबिंदू वेगळा, तो पांढरा. कान मात्र गेले. आधी आम्हाला वाटायचं कानाडोळा करतेय, कारण फ्रिज उघडल्याचं बरोब्बर ऐकू यायचं आणि "ये इकडे" अजिबात नाही. मग हळूहळू फ्रिजपण ऐकू येईनासा झाला तेव्हा पटलं. इथे अॅजिलिटीचा असा उपयोग झाला जो तेव्हा डोक्यातही नव्हता, हिला हातांच्या खुणा सगळ्या येतात. डावा हात, उजवा हात, थांब, ये, वळ. बहिरी झाल्यावर आमचं बोलणं कमी झालंच नाही. पाठमोरी असेल तर जमिनीवर पाय आपटायचा, कंप जातो, ती वळून बघते, मग हाताने जे सांगायचं ते सांगायचं. आई आता मलापण हातानेच बोलावते.

गेल्या वर्षी एक सकाळ अशी आली की मला वाटलं संपलं. उठायला गेली आणि एका बाजूला कोसळली. परत उठली, परत कोसळली, मान वाकडी, डोळ्यांची बुबुळं टकाटक एका बाजूला हलतायत, उलटी. मी तिला मिठी मारून फरशीवर बसले होते आणि नवरा गाडी काढत होता, मनात सगळं म्हणजे सगळं येऊन गेलं. पक्षाघातच वाटला. तर तो निघाला कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड, म्हाताऱ्या कुत्र्यांत बऱ्यापैकी होतो, बघायला भयानक आणि बऱ्याचदा आपोआप बरा होणारा. डॉक्टरांनी बाकीच्या शंका फेडून घेतल्या आणि सांगितलं, दोन-तीन दिवस वाईट जातील, मग दोन-तीन आठवड्यांत सुधारेल. तसंच झालं. पहिले दोन दिवस मी तिला पोटाखालून टॉवेल घालून बाहेर नेत होते आणि ती बोटीवर असल्यासारखी झुलत होती. मान अजूनही थोडी कललेली आहे, कायमची, कुणीतरी काहीतरी विचारल्यासारखी. त्या पांढऱ्या भुवयांना शोभते.

मधल्या काळात धोंड्या आला हे सांगायचं राहिलं. दोन वर्षांचा आहे, कानामागून आला आणि तिखट झाला. तो आता अॅजिलिटीत पळतो आणि भिंगरी क्रेटमध्ये पडून बघते. झोपून नाही बरं का, उठून बसून. बहिरी आहे तरी त्याचं रन सुरू झालं की भुंकायला लागते, आणि माझं ठाम मत आहे की तो चुकला की जास्त भुंकते. मी यावर क्लबातल्या लोकांशी पैज लावली होती, हरले, ती कशालाही भुंकते.

मधे थोडे दिवस हूपर्स केलं तिच्याबरोबर, त्यात उड्याच नसतात, जमिनीवर उभ्या केलेल्या कमानींमधून पळायचं आणि आपण एका ठिकाणी उभं राहून खुणा करायच्या. म्हाताऱ्या कुत्र्यांना आणि म्हाताऱ्या मालकांना बरं. पण ती वेगाने वळायला जायची आणि दुसऱ्या दिवशी लंगडायची. फ्लायबॉलचा तर प्रश्नच नव्हता, त्यात चार कुत्र्यांची रिले असते आणि पेटीवर उडी घेऊन चेंडू पकडून गर्रकन वळायचं असतं, खांदे-कंबर कामातून जाते. तरी मला तो खेळ बघायला फार आवडतो, कारण त्यात उड्यांची उंची टीममधल्या सगळ्यात बुटक्या कुत्र्यावरून ठरते, त्यामुळे चार दांडगट कॉलींच्या टीमला एका छोट्याशा कुत्र्याची मनधरणी करावी लागते.

शेवटी ज्याने आम्हाला वाचवलं ते नाक. सेंट वर्क. पोलिसांची वासावर चालणारी कुत्री जे काम करतात त्याचंच खेळातलं रूप, फक्त इथे बर्च, अॅनिस, लवंग अशा तेलांचा वास, कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, बोळा छोट्याशा भोकं पाडलेल्या डबीत, डबी कुठेतरी लपवलेली, आणि कुत्र्याने शोधायची. मला याचं सगळ्यात आवडलेलं म्हणजे एका वेळी एकच कुत्रा आत जातो, बाकीचे बाहेर, त्यामुळे भित्री, बहिरी, लंगडी, तीन पायांची, कुणीही चालतं. माणसाने शिकवायचं फारसं नसतं, आपण गप्प राहायला शिकायचं असतं. मला ते सहा महिने लागले.

कुत्र्याचं नाक कधी अगदी जवळून बघितलंय? पुढे दोन गोल भोकं आणि प्रत्येकाला बाजूला एक चीर असते, स्वल्पविरामासारखी. श्वास पुढून आत घेतात आणि बाहेर सोडतात तो त्या चिरांतून बाजूला आणि मागे. म्हणजे सोडलेल्या श्वासाने समोरचा वास उडून जात नाही, उलट नवीन हवा पुढे ओढली जाते. भिंगरी कामात असते तेव्हा त्या चिरा फडफडतात, आणि वास सापडला की त्यांची लय बदलते, छोटे छोटे भराभर श्वास. अकरा वर्षं मी या कुत्रीचं शेपूट, कान, पाय बघत आले, नाक बघायला बाराव्या वर्षी शिकले.

सापडलं की कुत्र्याने काहीतरी खूण करायची असते, कुणी बसतं, कुणी पंजा लावतं, कुणी नुसतं गोठून उभं राहतं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तिला जे सोपं जाईल ते तिला निवडू दे. तिने निवडलं झोपणं. डबीपाशी गेली की पोटावर आडवी. तेव्हा फार गोड वाटलं होतं, त्याची किंमत पुढे मोजावी लागली, येते त्यावर.

डॉग शोचंही सांगते, कारण ते वेड मला या बसण्याच्या काळातच लागलं. आम्ही अॅजिलिटीवाले शोवाल्यांना हसायचो. नुसते केस विंचरायचे आणि उभं करायचं, त्यात काय. शोवाले आम्हाला हसायचे, नुसते ओरडत पळतात. आता बसून बघायला लागल्यावर कळलं की तिथे कुत्री एकमेकांशी भिडतच नाहीत खरं तर, जज प्रत्येक कुत्र्याला त्याच्या जातीच्या लिहून ठेवलेल्या वर्णनाशी ताडून बघतो. हात फिरवून खांद्याचा कोन, पाठीची रेघ, छाती, दात, मग चालायला लावून पाय सरळ रेषेत पडतात का ते. त्या हात फिरवण्यात केवढं ज्ञान असतं! केसाळ कुत्र्याच्या आत काय दडलंय ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं. भिंगरीच्या वेळी मला एवढं चालणं बघता आलं असतं तर व्हिडिओ हळू करावा लागला नसता.

मोठे शो ऑनलाइन लागतात तेव्हा आई पण बसते माझ्याबरोबर. पेकिनीज आला की, "याला पाय आहेत का?" अफगाण हाउंड आला की, "हिला रोज कोण विंचरतं?" जज दात बघायला लागला की, "दात कशाला बघतोय, कुत्रा काय मुलाखतीला आलाय?" तिला मी स्टंपची गोष्ट सांगितली तेव्हापासून ती सिरियसली बघते. स्टंप हा ससेक्स स्पॅनियल, जाडजूड, लांब कानांचा, चालतो तो डुलत. मधे इतका आजारी पडला होता की जगतो की नाही अशी वेळ होती, त्यातून वाचला, रिटायर होऊन घरी होता, आणि २००९ मध्ये दहा वर्षांचा असताना त्याला परत वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या डॉग शोच्या, रिंगमध्ये आणला. बेस्ट इन शो, म्हणजे सगळ्या कुत्र्यांत पहिला, जिंकला. तो शो १८७७ पासून चालूय आणि एवढ्या वयाचा कुत्रा तिथे कधीच जिंकला नव्हता. आई म्हणाली, "आणि तू हिला घरी बसवलीस." मी म्हटलं आई, हिला जात नाहीये, हिचं वर्णन कुठे लिहिलेलं नाहीये. तर म्हणाली, "मग तू लिही."

शोमध्ये व्हेटरन म्हणून वेगळा गट असतो, कुठे सात वर्षांपासून पुढे, कुठे आठपासून. मी एकदा प्रत्यक्ष बघायला गेले होते तेव्हा तो गट बघितला. तरुण कुत्र्यांच्या गटात हँडलर कुत्र्याला घेऊन झपझप पळतात, इथे एक बाई आपल्या सेटरबरोबर अगदी त्याच्या चालीने चालत होत्या, पट्टा सैल, आणि तो मधेच थांबून कुंपणाबाहेरच्या कुणाला तरी हुंगून आला. जज थांबला. काही बोलला नाही. टाळ्या पडत होत्या आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं करत होते. अशा शोमध्ये एंट्री नसलेली कुत्री सहसा आत घेत नाहीत, त्यामुळे भिंगरी घरीच. परत आले तर तिने दहा मिनिटं माझी पॅंट वाचली, पेपर वाचल्यासारखी, गुडघ्यापासून खाली, मग परत वर, आणि उजव्या घोट्यापाशी बराच वेळ थांबली. तो सेटर मलापण हुंगून गेला होता.

आता परवाची गोष्ट. क्लबाने सेंट वर्कची छोटीशी सराव स्पर्धा ठेवली होती, बारा खोके, एकात वास, वेळ तीन मिनिटं. भिंगरीला हँडलवाला हार्नेस घालून नेली. आत गेल्या गेल्या ती उभीच राहिली, नुसती, मान कललेली, नाक वर. पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं चल, चल, शोध. गप्प बसले. मग निघाली, पहिला खोका, दुसरा, तिसऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पाचव्यापाशी जरा रेंगाळली, पुढे गेली, सातव्यापाशी गेली आणि आडवी झाली.

आणि इथेच गोची. कारण हल्ली ती दमली तरी आडवीच होते. दोन मिनिटं होऊन गेली होती, एवढं चालणं तिला पुष्कळ झालं. हँडलरने "अलर्ट" म्हणायचं असतं, चुकीच्या खोक्यावर म्हटलं की खेळ खलास. जज माझ्याकडे बघतोय. भिंगरी समोर बघतेय, म्हणजे कुठेच नाही. मी वाकले, वाकले म्हणजे जवळजवळ जमिनीवर पालथीच पडले, आणि तिचं नाक बघितलं. चिरा फडफडत होत्या. छोटे, भराभर.

"अलर्ट."

"येस."

चीजचा तुकडा तिने माझ्या बोटांसकट घेतला. मग उठायचं होतं. पुढची जोडी दारात उभी होती, एक तरुण मुलगा आणि त्याचं उड्या मारणारं पिल्लू, आणि आम्ही दोघी खाली. मी हार्नेसचं हँडल धरलं, तिने पुढचे पाय टेकले, मागचे सरकले, परत टेकले. माझा गुडघा कटकन वाजला. जज म्हणाला, "घाई नाही, होऊ दे."